दारूखान्याच्या कुंपणातलं घर

"बंदुकीच्या दारूचा कारखाना कधीही उडू शकतो हे माहीत असताना साहेब बायकापोरांना घेऊन तिथंच कसा राहायचा?"

उचगावात विहिरींच्या सुरुंगांचा विषय निघाला की गाडी थोड्या वेळानं या प्रश्नावर येतेच. इथल्या माणसाला कारखाने काही नवे नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी जवळच. तिथल्या फाउंड्रीचा मालक ताराबाई पार्कात राहतो, सकाळी गाडीनं येतो, संध्याकाळी परत जातो. मग दीडदोनशे वर्षांपूर्वी, जिथं चुकून पडलेली एक ठिणगी पुरे होती, अशा ठिकाणी कारखान्याचा प्रमुख घर का बांधत होता? त्याची बायको तिथं संसार कसा करत होती?

त्याच्याकडे घोडागाडी होती, पण मोटार नव्हती, हे एक उत्तर. ते खरं आहे, पण अपुरं आहे. पुरतं उत्तर हवं असेल तर आधी दारू कशी बनते ते पाहावं लागेल.

१. तीन जिनसा

बंदुकीच्या दारूत तीनच वस्तू असतात: सोरा, कोळसा आणि गंधक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी लष्करी दारूचं प्रमाण शंभरात ७५, १५ आणि १० असं ठरलेलं होतं. म्हणजे वीस किलो दारू करायची तर पंधरा किलो सोरा, तीन किलो कोळसा, दोन किलो गंधक.

सोरा इतका जास्त का? कोळसा जळायला हवेतला प्राणवायू लागतो. बंदुकीच्या नळीत किंवा कातळातल्या भोकात हवा कुठून येणार? विहिरीवर वडार मंडळी पहारेनं भोक पाडून, त्यात दारू भरून, वात सोडून वरून माती ठासून बसवत. आत हवा शिरायला जागाच नाही, तरी दारू पेटते. कारण सोरा तापला की प्राणवायू सोडतो. जळण्याचं सामान आणि त्याला लागणारी 'हवा' दोन्ही एकाच पुडीत असतात. गंधक लवकर पेट घेतो आणि आग सगळीकडे नेतो.

सोरा मुख्यतः बिहारचा. तिथल्या गावांतली खारी माती खरवडून, पाण्यात विरघळवून, ते पाणी आटवून तो काढत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जगातला मोठा हिस्सा इथूनच जायचा, आणि युरोपातल्या कंपन्यांची बंगालात जी धडपड चालली होती तिच्यात मलमल आणि रेशमाइतकाच सोऱ्याचाही वाटा होता.

कोळशाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. कोणत्याही लाकडाचा कोळसा चालत नाही, हलका आणि झटकन पेटणारा लागतो. इंग्लंडात त्यासाठी विलो, आल्डर अशी झाडं वापरत. बंगालातल्या सरकारी कारखान्यात काय वापरत असतील? तुराट्या. तुरीची झोडणी झाल्यावर आपण ज्या चुलीला किंवा कुडाला लावतो, त्याच काड्यांचा कोळसा कंपनी सरकारच्या तोफांमध्ये जात होता.

२. मिसळणं वेगळं, वाटणं वेगळं

या तिन्ही वस्तू कुटून हातानं एकत्र केल्या तर ते मिश्रण फुरफुरत जळतं, धूर करतं, पण गोळा फेकत नाही. शेंगदाणे, तिखट आणि मीठ एका वाटीत हलवलं म्हणून चटणी होत नाही, ती पाट्यावर वाटावी लागते, तसंच हे. सोऱ्याचा कण कोळशाच्या कणाला अगदी चिकटून बसला पाहिजे. त्यासाठी मिश्रण किंचित ओलं करून मोठ्या दगडी चाकांखाली तासन् तास फिरवत. बैल जुंपून चुना मळायची घाणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे यंत्र वेगळं समजावून सांगायला नको. दारूच्या कारखान्यात बैलाच्या जागी बहुधा पाणचक्की असे, एवढाच फरक.

त्यानंतर ती वडी दाबायची, फोडून दाणे करायचे, दाणे घोळून गुळगुळीत करायचे, वाळवायचे, चाळायचे आणि पिंपांत भरायचे. प्रत्येक पायरीला धोका आहे, पण वाटताना आणि दाणे पाडताना सर्वांत जास्त. चाकाखाली एखादा खडा आला, दगडावर दगड घासला, की संपलं. म्हणून इंग्लंडातल्या वॉल्थम ॲबीच्या सरकारी कारखान्यात एका चक्कीत एका वेळी चाळीस-पन्नास पौंडांच्या आसपासच माल घालत. चक्कीच्या घरात ढीग साठवायचा नाही, हा पहिला नियम.

३. साहेबाचं खरं काम

सुपरिंटेंडेंट म्हटलं की छडी घेऊन फिरणारा लष्करी माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्याचं काम एखाद्या करड्या सासूसारखं होतं. दारात जोडे बदलले का? तळाला खिळा नसलेला जोडाच आत चालेल. खिसे रिकामे केले का, चिलीम बाहेर ठेवली का? हातोडा लाकडाचा किंवा तांब्याचा आहे ना? जमिनीवर चामडं अंथरलंय का, कोपऱ्यात काळी धूळ तर बसली नाही ना? आकाशात गडगडायला लागलं की काम थांबवून माणसं बाहेर काढायची.

ही धूळच खरी वैरीण. पिंपातली दारू दिसते, तिची भीती वाटते. आढ्यावर बसलेली बोटभर धूळ कुणाला दिसत नाही, आणि एका इमारतीची आग दुसरीकडे नेते तीच. अशी नजर महिन्यातून एकदा तपासणीला येणाऱ्याकडे असत नाही.

मालाची परीक्षाही त्यानंच घ्यायची. लहानशा उखळी तोफेत मोजून दारू घालायची, ठरलेल्या वजनाचा गोळा ठेवायचा, उडवायचा आणि गोळा किती लांब पडला ते मोजायचं. गोळा कमी पडला तर अख्खी खेप परत. पावसाळ्यात ओल धरलेली दारू ऐन लढाईत दगा देते, आणि हिंदुस्थानात चार महिने पावसाळा. बंगालात कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीकाठी ईशापूरला कंपनीनं १७८७ मध्ये दारूचा कारखाना उभारला, १७९१ पासून तिथं उत्पादन सुरू झालं. तिथले सुपरिंटेंडेंट विल्यम अँडरसन यांचं दारू बनवण्याच्या पद्धतीवरचं पुस्तक १८६२ मध्ये निघालं. पुढं ईशापूरच्या त्याच जागेवर रायफल फॅक्टरी आली.

४. लंगडा जॉन फार्कर

त्याच हुगळीकाठी, पुलता इथं, एका माणसानं दारूतून इतका पैसा केला की आजही आश्चर्य वाटावं. जॉन फार्कर, जन्म १७५१, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरचा. तो आला आपल्याकडेच, मुंबई इलाख्याच्या फौजेत कॅडेट म्हणून. तरुणपणीच खुब्याला जबर जखम झाली, पाय अधू झाला, प्रकृती ढासळली. हवापालट म्हणून तो बंगालात गेला आणि व्यापारात पडला. रसायनशास्त्राचा त्याला नाद होता.

पुलत्याच्या दारूत काहीतरी खोट निघाली. लॉर्ड कॉर्नवॉलिस तेव्हा गव्हर्नर जनरल होते, त्यांनी फार्करला मदतीला पाठवलं. त्यानं दोष काढला, हळूहळू कारखान्याचा कारभार हातात घेतला, आणि शेवटी सरकारला दारू पुरवणारा एकमेव मक्तेदार बनला. इथं नीट लक्ष द्या. पगारी अधीक्षक आणि मक्तेदार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अधीक्षकाला महिन्याचा पगार, मक्तेदाराला पिंपागणिक नफा. आणि गिऱ्हाईक एकच असलं तरी त्याची लढाई कधी संपत नव्हती: म्हैसूर, मराठे.

फार्कर सुमारे पाच लाख पौंड घेऊन विलायतेला परतला. सांगतात की पैसे वाचवायला तो बग्गीच्या टपावर बसून लंडनला आला, धुळीनं माखलेल्या कपड्यांतच आपल्या पेढीवर गेला, आणि कारकुनांनी त्याला भिकारी समजून ताटकळत ठेवलं. पेढीवाल्यानं ओळखलं तेव्हा त्यानं पंचवीस पौंड मागून घेतले आणि निघून गेला. घरात एक म्हातारी मोलकरीण, आणि त्याच्या खोलीला केरसुणी लावायची नाही असा दंडक. ज्या माणसानं हयातभर दारूखान्यातली धूळ झाडून घेतली असेल त्याचं हे घर! मला तरी यात गंमत कमी आणि थकवा जास्त दिसतो.

१८२२ मध्ये त्यानं फॉन्टहिल ॲबी नावाचा प्रचंड वाडा तीन लाख तीस हजार पौंडांना घेतला. १८२५ च्या डिसेंबरात त्या वाड्याचा उंच मनोरा आपोआप कोसळला. दारूच्या कारखान्यात जे झालं नाही ते इथं झालं. पुढच्या वर्षी, जुलै १८२६ मध्ये, फार्कर वारला. लग्न नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. सुमारे पंधरा लाख पौंडांची मालमत्ता सात भाचे-पुतण्यांत वाटली गेली.

५. सोनोरीचे पानसे

मराठ्यांकडे हे काम कुणाचं होतं? शिवकाळापासून राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना आणि दारूखाना ही वेगवेगळी खाती सापडतात. पेशवाईत तोफखाना पानसे घराण्याकडे गेला आणि पिढ्यान्पिढ्या राहिला. पानसे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीचे. गावात त्यांची बुरुजबंद गढी, आणि गावावर १७५७ ते १७६० या काळात भिवराव यशवंत आणि कृष्णाजी माधवराव पानसे यांनी बांधलेला मल्हारगड. महाराष्ट्रात बांधला गेलेला हा शेवटचा किल्ला समजतात.

इथं घर आणि खातं यांचं नातं फार्करच्या अगदी उलट आहे. पानशांना काम वतनासारखं मिळालं. बापाकडून मुलाकडे जाणारं. मुलगा लहानपणापासून तोफ, गाडा, बैल, दारूगोळा यांतच वाढायचा. फायदा असा की माहिती घरातच टिकायची. तोटा असा की नवं काही शिकायची निकड नव्हती. महादजी शिंद्यांनी ही अडचण ओळखली. त्यांनी आपल्या पदरच्या डी बॉयन या युरोपियन सेनापतीच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाला ओतशाळेवर बसवलं आणि तिथं उत्तम तोफा ओतवून घेतल्या. १८०३ च्या लढायांत त्या तोफांनी इंग्रजांना चांगलाच मार दिला. लढाई हरली ती तोफखान्यामुळे नव्हे.

६. ब्रँडीवाइनच्या उतारावर

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बायकापोरांकडे. त्यासाठी ज्या घराण्याचं सगळ्यांत जास्त ठाऊक आहे ते घ्यावं लागतं.

फ्रान्समध्ये १७७५ पासून सरकारी दारूचं खातं सांभाळणाऱ्यांपैकी एक होता लव्हॉजिए, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. तो आणि त्याची बायको मारी-ॲन पॅरिसच्या शस्त्रागाराच्या आवारातच राहत. प्रयोगशाळाही तिथंच. ती त्याच्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरं करायची, त्याच्या पुस्तकातल्या उपकरणांची चित्रं काढायची. ऑक्टोबर १७८८ मध्ये एसोनच्या कारखान्यात सोऱ्याऐवजी एक नवा क्षार वापरून पाहण्याचा प्रयोग होता, आणि नवराबायको दोघंही हजर होती. मंडळी जरा बाजूला गेली आणि स्फोट झाला. कारखान्याचा एक अधिकारी आणि एक तरुणी जागच्या जागी गेली. लव्हॉजिए दांपत्य थोडक्यात वाचलं. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लव्हॉजिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला, तो दारूपायी नाही, करवसुलीच्या मक्त्यापायी.

त्याच एसोनला काम शिकलेला एक पोरगा होता, इरेने द्यु पाँ. १८०० मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेला गेलं. १८०२ मध्ये इरेनेनं डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी जमीन घेतली, १८०३ मध्ये घर बांधलं, १८०४ मध्ये पहिली दारू विकली. घर कुठं? चक्क्यांच्या वर, उतारावर. खिडकीतून नदी दिसते आणि नदीकाठच्या चक्क्याही.

त्या चक्क्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंती, आणि नदीकडची चौथी बाजू आणि छप्पर हलक्या फळ्यांचं. स्फोट झाला तर झटका नदीकडे निघून जावा, शेजारच्या चक्कीकडे किंवा टेकडीवरच्या घराकडे येऊ नये. मजूर बहुतेक आयर्लंडहून आलेले, त्यांची घरंही त्याच परिसरात. इरेनेची विधवा मुलगी व्हिक्टोरीन रविवारी त्यांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायची. ती शाळा तिनं कितीतरी वर्षं चालवली.

१९ मार्च १८१८. एका इमारतीत स्फोट झाला, आग पुढं सरकत कोठारापर्यंत गेली. तीसहून जास्त माणसं मेली. टेकडीवरच्या घराचं नुकसान झालं आणि इरेनेची बायको सोफी जखमी झाली. कारखान्यानं मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन दिलं, घरंही राहू दिली. त्या काळात हे कुठल्याही कायद्यानं बंधनकारक नव्हतं. पण साहेबाच्या घरातली बाईच अंथरुणावर पडलेली असताना मजुराच्या बायकोला 'घर रिकामं कर' म्हणणं सोपं नसतं, आणि कुंपणातल्या घराचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हाच. सोफी १८२८ मध्ये वारली, इरेने १८३४ मध्ये.

धोका पुढच्या पिढीतही आला. १८५७ मध्ये इरेनेचा मुलगा ॲलेक्सिस मजुरांबरोबर जुन्या इमारतीतली अवजड पेटी हलवत होता, घासून ठिणगी पडली, तो भाजून मेला. पुतण्या लामोट हा घराण्यातला खरा रसायनतज्ज्ञ. त्यानं त्याच वर्षी चिलीच्या स्वस्त सोऱ्यापासून खाणकामाची दारू करण्याचं पेटंट घेतलं. पण तोफांना अजून हिंदुस्थानी सोराच लागायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा लामोट तो विकत घ्यायला इंग्लंडला धावला. इंग्रज सरकारनं मध्येच निर्यात रोखून धरली, मग सोडली. म्हणजे लिंकनच्या फौजेचा बार उडणार की नाही हे बिहारच्या मातीवर अवलंबून होतं. लामोट १८८४ मध्ये न्यू जर्सीतल्या डायनामाइटच्या कारखान्यात स्फोटातच गेला.

७. अंतराचा हिशेब

एवढं होऊनही घर जागचं हललं नव्हतं. वेडेपणा म्हणायचा का? गणित करून पाहू.

धरून चाला की ५० किलो दारू उडाली तर २०० मीटरवरचं घर शाबूत राहतं. हा आकडा केवळ उदाहरणाचा आहे. आता दारू आठपट, म्हणजे ४०० किलो झाली. घर किती लांब हवं? आठपट, १६०० मीटर? नाही. दुप्पट, ४०० मीटर पुरतं. झटका सगळ्या बाजूंना पसरतो, म्हणून अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. आठाचं घनमूळ दोन. हजारपट दारूला दहापट अंतर.

आता तेच ४०० किलो आठ वेगवेगळ्या चक्क्यांत ५०-५० किलो ठेवा. एक उडाली तरी ५० किलोच उडाले. घर २०० मीटरवर राहू शकतं, अट एकच: एकीची आग दुसरीला लागता कामा नये. ती अट कोण पाळून घेणार? धूळ झाडणारा, जोडे बदलायला लावणारा, आवाजातला फरक घरबसल्या ऐकून चक्की थांबवायला धावणारा. १८१८ मध्ये नेमकी तीच अट मोडली, आग कोठारात गेली, आणि मग घराचं अंतर अपुरं पडलं.

तर साहेब कुंपणात राहायचा तो शौर्य दाखवायला नव्हे. तो तिथं राहतो म्हणून नियम पाळले जातात, आणि नियम पाळले जातात म्हणून तो तिथं राहू शकतो. आणखी एक साधी गोष्ट: मालकाची पोरं अंगणात खेळताना दिसली तरच मजूर बिनघोर आत जातो. फार्करच्या मक्त्यात पैसा जास्त होता यात शंका नाही. पण दोन्ही पद्धतींतली एक निवडायची झाली तर मी ब्रँडीवाइनची निवडेन.

८. घर बाहेर गेलं ते कधी

नायट्रोग्लिसरीन आलं आणि हा हिशेब कोलमडला. सप्टेंबर १८६४ मध्ये स्टॉकहोमजवळ नोबेल कुटुंबाच्या राहत्या जागेतल्या कारखान्यात स्फोट झाला, आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल गेला. शहरात उत्पादनाला बंदी झाली आणि आल्फ्रेड नोबेलला काही काळ तळ्यातल्या तराफ्यावर काम करावं लागलं. जुन्या दारूपेक्षा हे प्रकरण कितीतरी जहाल होतं. अशा मालाला जोडे आणि केरसुणी पुरत नव्हती, अंतरच लागत होतं. ब्रँडीवाइनच्या घरातली माणसंही १८९० च्या मोठ्या स्फोटानंतर घर सोडून गेली. १९२१ मध्ये चक्क्या बंद झाल्या, आणि आज तिथं संग्रहालय आहे.

आपल्याकडे खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. खडकी असो, देहू रोड असो की भंडाऱ्याचं जवाहरनगर, अधिकाऱ्यांच्या आणि कामगारांच्या वसाहती कारखान्याला लागून असतात, पण मधे कुंपण, झाडी आणि मोजलेलं अंतर असतं.

हे अंतर आता साहेबाच्या मर्जीवर नाही. इंग्लंडात १८७५ मध्ये स्फोटकांचा कायदा झाला, हिंदुस्थानात १८८४ मध्ये. तो १८८४ चा कायदा दुरुस्त्यांसह आजही लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. विहिरीच्या किंवा खाणीच्या सुरुंगासाठी कोठार बांधायचं तर परवान्याच्या अर्जाबरोबर जागेचा नकाशा जोडावा लागतो, आणि आसपासची घरं, रस्ते यांचं अंतर त्या नकाशात दाखवावं लागतं. किती किलोला किती मीटर, याचं कोष्टक नियमांतच दिलेलं आहे.